आपले यान, आपला हप्ता

आमच्या शाळेत पहिला संगणक आला तेव्हा त्याची पूजा झाली. नारळ फुटला, मॉनिटरला हार घातला गेला, आणि पेढे वाटून झाल्यावर त्याला तळमजल्यावरच्या एका खोलीत बसवून दारावर पाटी लावण्यात आली : 'चपला बाहेर काढाव्यात.' केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये 'क्लास' या नावाने शाळांतून संगणक-साक्षरतेची योजना सुरू केली होती. तिच्यासाठी इंग्लंडमधल्या एकॉर्न कंपनीचे 'बीबीसी मायक्रो' हे यंत्र निवडले गेले होते. त्या योजनेतून आमच्या वाट्याला दोन यंत्रे आली. मी विज्ञान शिकवीत असे, म्हणून खोलीची किल्ली माझ्या खिशात आली. मला त्या यंत्रातले ओ की ठो कळत नव्हते, पण किल्ली सांभाळणे मला उत्तम जमत असे.

१९८६ सालच्या एका शनिवारी दुपारी मी खोलीत डोकावलो, तर नववीतली चार मुले पडद्याला नाक लावून बसलेली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांची एक चपटी, पसरट आकृती फिरत होती. मी विचारले, "काय चाललंय रे?"

"सर, व्यापार करतोय."

"कसला व्यापार?"

कोणी उत्तर देईना. मी पुढे होऊन पडद्यावरची यादी वाचली. धान्य, कापड, यंत्रसामग्री, मिश्रधातू, सोने, हिरे-माणके असे बरेच काही होते. त्याच यादीत, त्याच टाइपात, भावासकट गुलाम आणि अमली पदार्थही होते. मी यंत्र बंद केले, मुलांना बाहेर काढले, कुलूप घातले. तो खेळ ज्या कॅसेटवर होता ती एका मुलाच्या मामाने इंग्लंडहून आणलेली होती. ती मी टेबलाच्या खणात टाकली आणि वर्ष संपेपर्यंत परत दिली नाही. त्या दिवशी आपण मुलांना वाचवले, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

आज निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी त्या कॅसेटविषयी लिहायला बसलो आहे, कारण कुलूप घालताना मी एका मुलाचे एक वाक्य ऐकूनही ऐकले नव्हते. तो वर्गातला मागच्या बाकावरचा मुलगा. गणितात काठावर पास होणारा. दाराबाहेर चपला घालता घालता तो म्हणाला होता, "सर, हे आमच्या बाबांच्या टेम्पोसारखंच आहे."

बाब्या रेघांचे यान

त्या खेळाचे नाव 'एलिट'. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल हे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकणारे दोन विद्यार्थी. त्यांनी तो लिहिला आणि सप्टेंबर १९८४ मध्ये एकॉर्नसॉफ्टने तो बाजारात आणला. बीबीसी मायक्रोची सगळी स्मृती ३२ किलोबाइट. त्यातली पडद्यासाठी आणि यंत्राच्या स्वतःच्या कामासाठी लागणारी वजा केली, तर खेळाच्या वाट्याला सुमारे २२ किलोबाइट उरत. आज नातीच्या वाढदिवसाचा एक फोटो मोबाइलवरून येतो तोही याच्या कितीतरी पट मोठा असतो. तेवढ्या जागेत या दोन मुलांनी आठ दीर्घिका बसवल्या, आणि प्रत्येक दीर्घिकेत २५६ ग्रह.

हे कसे जमले, याची गंमत गणिताच्या शिक्षकांना कळेल. ग्रहांची यादी त्यांनी साठवलीच नाही. त्यांनी सुरुवातीचे काही आकडे साठवले आणि आधीच्या आकड्यांच्या बेरजेतून पुढचा आकडा काढत जायचे, असा फिबोनाचीच्या मालिकेच्या जातीचा नियम यंत्राला दिला. त्या आकड्यांतूनच ग्रहाचे नाव, तिथले सरकार, तिथली श्रीमंती, तिथले बाजारभाव, सारे दर वेळी नव्याने आणि दर वेळी नेमके तेच निघत असे. या रीतीने अब्जावधी दीर्घिका करता आल्या असत्या. पण इतक्या दाखवल्या तर विश्व किती कृत्रिम आहे हे उघडे पडेल, या विचाराने आठांवर थांबायचे ठरले. त्यांतही एका दीर्घिकेत एका ग्रहाचे नाव चारचौघांत उच्चारता येणार नाही असे तयार झाले, म्हणून ती अख्खी दीर्घिका फेकून दुसरी घ्यावी लागली, असे सांगतात.

या विश्वात खेळणाऱ्याच्या हाती येते ते यान म्हणजे 'कोब्रा मार्क थ्री'. खेळातल्या बहुतेक यानांना सापांची नावे आहेत. पायथन म्हणजे अजगर, पोलिसांची व्हायपर म्हणजे आपल्याकडच्या घोणशीच्या कुळातली, क्रेट म्हणजे मण्यार. हा 'क्रेट' शब्द इंग्रजांनी आपल्या हिंदुस्थानी 'करैत'वरून उचललेला, आणि 'कोब्रा' हा पोर्तुगीजांनी आपल्या नागाला दिलेल्या नावातला. थोडक्यात, केंब्रिजच्या खोलीत बसून दोन पोरांनी आकाशात जी वारुळे बांधली, त्यांतले निदान दोन साप तरी आपल्या ओळखीचे निघाले.

कोब्रा हे यान दिसायला काही विशेष नाही. रुंद, चपटे, पाचरीसारखे. ते सर्वांत वेगवान नाही, सर्वांत मजबूत नाही, सर्वांत मोठे तर नाहीच. खेळ सुरू होतो तेव्हा तुम्ही लाव्ह नावाच्या ग्रहाभोवतीच्या स्थानकात उभे असता. खिशात १०० क्रेडिट. पुढच्या बाजूला एक साधी लेसर तोफ, तीन क्षेपणास्त्रे, सात प्रकाशवर्षे पुरेल एवढे इंधन आणि २० टन माल मावेल एवढी जागा. बस्स. यापुढे काय करायचे, हे कोणी सांगत नाही.

हे 'कोणी सांगत नाही' म्हणजे त्या काळात मोठे बंड होते. तेव्हाच्या खेळांत तीन जीव मिळत, दहा मिनिटांत डाव संपे आणि गुण मोजले जात. 'एलिट' आधी थॉर्न ईएमआय कंपनीला दाखवला गेला, तेव्हा त्यांना तोच ठराविक नमुना हवा होता आणि त्यांनी हा नाकारला. या खेळात गुण नव्हते. पैसे होते, जे एका यंत्राच्या मालकाने कमवायचे आणि त्यातूनच यंत्र सुधारायचे.

रिकामी फेरी

आता त्या मागच्या बाकावरच्या मुलाकडे येऊ. त्याच्या वडिलांनी सहकारी बँकेचे कर्ज काढून मॅटाडोर टेम्पो घेतला होता. सुट्टीच्या दिवशी हा मुलगा त्यांच्याबरोबर क्लिनर म्हणून जाई. खेळ इतर तिघांना लढाईचा वाटला. दिसेल त्या यानावर ते गोळ्या झाडत आणि पाच मिनिटांत मरत. हा मात्र लढतच नसे. तो आधी बाजारभावाचे पान उघडी.

लाव्ह हा श्रीमंत पण शेतीप्रधान ग्रह. तिथे धान्य स्वस्त. जवळचा झाओन्स हा उद्योगांचा ग्रह. तिथे धान्य महाग आणि यंत्रे, संगणक स्वस्त. तेव्हा जाताना धान्य भरावे, येताना संगणक आणावेत. १०० क्रेडिटांत पहिल्या फेरीला धान्यच परवडते. संगणक आणायला तीन-चार फेऱ्यांचे भांडवल गाठीला लागते. हे त्या मुलाला कुणी शिकवले नव्हते. मला नंतर इतर मुलांनी सांगितले की तो त्यांना बजावत असे, "परतीचं भाडं घेतल्याशिवाय निघायचं नाही. रिकामी फेरी मालकाला खाते."

पुढची अक्कलही त्याच्याच घरातली. मालाला सगळे पैसे घालायचे नाहीत, डिझेलपुरते बाजूला ठेवायचे. पहिला नफा झाला की तोफ घ्यायची नाही. ४०० क्रेडिट भरून मालाची जागा २० टनांवरून ३५ टनांवर न्यायची, म्हणजे तीच फेरी पावणेदोन पट कमाई देते. रिएडक्वाटसारख्या, सरकारच नसलेल्या ग्रहावर भाव चांगले दिसले तरी लुटारू फार, तेव्हा तिकडे जायचे नाही. स्थानक स्वतःभोवती फिरत असते आणि त्याचे दार अरुंद असते. आत शिरताना आपले यानही त्याच गतीने गोल फिरवावे लागते, नाहीतर भिंतीवर आपटून सारा संसार संपतो. १५०० क्रेडिटला हे काम आपोआप करणारे यंत्र मिळते. ते त्याने कधी घेतले नाही. "गल्लीत गाडी रिव्हर्स घेता येत नसेल तर धंद्यात कशाला यायचं?" असा त्याचा सवाल.

पाठ्यपुस्तकातला नफा-तोटा त्याला कधी जमला नव्हता. इथे तो इंधन, जोखीम, परतीचा माल आणि भांडवल यांचा ताळा एका दमात घालत होता. मी त्याचा शिक्षक, आणि मला हे दिसले नाही.

पुष्पकापासून टेम्पोपर्यंत

कोब्राची खरी नवलाई समजायची तर आपल्या गोष्टींतली विमाने आठवून पाहा. आपले पहिले विमान पुष्पक. विश्वकर्म्याने घडवले, ब्रह्मदेवाने कुबेराला दिले, रावणाने हिसकावले, आणि रामाने अयोध्येला पोहोचल्यावर ते कुबेराकडे परत पाठवले. या सबंध प्रवासात त्याची किंमत कोणी विचारली नाही, इंधन कोणी भरले नाही, हप्ता तर कोणाच्या मनातही आला नाही. ते राजांचे वाहन होते. पश्चिमेकडे १९६६ साली 'स्टार ट्रेक' आली. तिचे 'एंटरप्राइज' यान भव्य खरे, पण ते सरकारी. कप्तान कर्क हा शूर असला तरी अखेर नोकरदारच. यान मोडले तर त्याच्या खिशाला तोशीस नाही.

१९७७ साली चित्र बदलले. 'स्टार वॉर्स'मध्ये हान सोलोचे 'मिलेनियम फाल्कन' आले. जुने, ठोकून-ठाकून चालवलेले, मालवाहू, पत्त्यांच्या डावात जिंकलेले, आणि मालकाच्या डोक्यावर सावकाराचे देणे. त्या चित्रपटातला एक लहानसा प्रसंग मला सगळ्या लढायांपेक्षा आवडतो. हान सोलो प्रवासाचे दहा हजार मागतो, तेव्हा शेतावर वाढलेला ल्यूक उसळतो. एवढ्या पैशांत तर जवळजवळ स्वतःचे यान येईल, असे त्याचे म्हणणे. शेवटी तोच मुलगा आपली धावती गाडी विकून प्रवासाची पहिली रक्कम उभी करतो. आपल्याकडे लग्नाच्या वऱ्हाडासाठी गाडी ठरवताना कोणत्याही घरात हाच संवाद होतो.

त्याच साली अमेरिकेत 'ट्रॅव्हलर' नावाचा, टेबलाभोवती कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा खेळ निघाला. त्यात तर यानाच्या कर्जाचे कोष्टकच दिले होते. किमतीचा पाचवा भाग रोख भरायचा, आणि मग दरमहा किमतीचा २४०वा हिस्सा, असे ४८० हप्ते. म्हणजे चाळीस वर्षे! खेळणारे अवकाशात साहसे करायचे ती जग वाचवण्यासाठी क्वचितच. बहुधा एक तारखेला हप्ता भरायचा असतो म्हणून करायचे. ज्याने घराचे कर्ज फेडले आहे त्याला यात काही अद्भुत वाटणार नाही, आणि मला वाटते तेच या खेळाचे मोठेपण आहे.

कोब्रा याच कुळातली. पण चित्रपटात आपण हान सोलोला बघतो. कोब्रात आपणच बसतो. राजपुत्र नाही, अधिकारी नाही, निवडलेला वीर नाही. पदवी विचाराल तर खेळ सुरुवातीला तुम्हाला 'निरुपद्रवी' म्हणतो. तिथून 'एलिट' व्हायला ६४०० याने पाडावी लागतात. पण ती न पाडताही वर्षानुवर्षे सचोटीने माल वाहत राहता येते. सामान्य माणसाला अवकाशात जागा करून देणारे यान म्हणून मला त्याचे महत्त्व वाटते.

यादीतली ती दोन नावे

मग मी कुलूप घातले ते चूक की बरोबर? हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण घरोघरीच्या आई-वडिलांचा तोच प्रश्न आहे.

गुलाम आणि अमली पदार्थ त्या यादीत होते, हे खरे. त्यात नफाही मोठा होता. खेळात तो माल घेऊन स्थानकाबाहेर पडलात की तुमची नोंद 'गुन्हेगार' म्हणून होई, पोलिसांच्या व्हायपर मागे लागत. पण पकडले गेला नाहीत, तर पैसे तुमचेच. खेळ तुम्हाला उपदेश करीत नसे. मला तेव्हा हाच त्याचा सर्वांत मोठा दोष वाटला.

आज मी जरा वेगळे म्हणेन. ज्या वाहनात काय भरायचे ते दुसराच ठरवतो, त्याच्या चालकाला पुण्यही लागत नाही आणि पापही. स्वतःचे वाहन आले की त्याच्याबरोबर हा प्रश्न येतोच. रात्री कोणीतरी येऊन सांगतो, "चार पोती आहेत, विचारू नका काय आहे, दुप्पट भाडं देतो." त्या टेम्पोवाल्या बापाला हा प्रश्न आयुष्यात किती वेळा पडला असेल! त्याच्या मुलाने तो माल कधीच भरला नव्हता, हेही मला इतर मुलांकडूनच कळले. कारण विचारल्यावर तो म्हणाला होता, "नाक्यावर गाडी अडकली की घर अडकतं." हे नीतिशास्त्राच्या पुस्तकातले उत्तर नव्हे. तरीही ते उत्तर होते, आणि ते त्याचे स्वतःचे होते.

त्या शनिवारी मी कुलूप घालण्याऐवजी खुर्ची ओढून बसलो असतो आणि चौघांना विचारले असते, "ही दोन नावं यादीत का असतील? तुम्ही घ्याल का? का नाही घेणार?" तर तो माझ्या नोकरीतला सर्वांत चांगला तास झाला असता. माझ्या हाती किल्ली होती, म्हणून मी किल्लीच वापरली. शिक्षकाच्या आणि पालकाच्या हातून ही चूक पुन्हा पुन्हा होते. जे वाईट दिसते ते बंद करण्याइतके त्यावर बोलणे सोपे नसते.

परवडणे म्हणजे काय

कोब्रा अजून उडते आहे. ब्रेबेन यांनी लोकांकडून वर्गणी गोळा करून २०१४ च्या डिसेंबरात 'एलिट डेंजरस' हा नवा अवतार काढला. आता विश्व म्हणजे सबंध आकाशगंगा, सुमारे ४०० अब्ज तारे. माझा नातू तो खेळतो. त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसायला मी या वयात शिकलो आहे.

नव्या खेळात सुरुवातीला 'साइडवाइंडर' हे छोटे यान मिळते. पैसे साठवून जो तो पुढे कोब्रा घेतो. किंमत सुमारे साडेतीन लाख क्रेडिट. त्याहून कितीतरी मोठी याने आहेत. 'ॲनाकोंडा'ची किंमत सुमारे १४ कोटी ७० लाख. नातवाने एकदा मला विम्याचा नियम समजावून सांगितला. यान नष्ट झाले तर किमतीच्या पाच टक्के भरून ते जसेच्या तसे परत मिळते. ते पाच टक्के नसतील आणि कर्जही पुरेसे मिळाले नाही, तर सारे जाते आणि तुम्ही पुन्हा साइडवाइंडरमध्ये. म्हणून खेळणाऱ्यांत एक अलिखित नियमच आहे : विम्याचे पैसे हाताशी नसतील तर उड्डाण करायचे नाही.

मी कागदावर गणित मांडले. कोब्रा गेली तर साडेसतरा हजार लागतात. ते दोन-चार फेऱ्यांत उभे राहतात. ॲनाकोंडा गेली तर साडेत्र्याहत्तर लाख. नातू म्हणाला, "आजोबा, बरेच जण सगळे पैसे घालून मोठं यान घेतात आणि पहिल्याच आठवड्यात रस्त्यावर येतात." मी काही बोललो नाही, कारण मला माझा विद्यार्थी आठवला.

तो मला मागच्या वर्षी भेटला. भाजी मंडईबाहेर एक 'छोटा हत्ती' उभा होता. चालकाच्या जागेवरून उतरून एक पन्नाशी उलटलेला माणूस पाया पडला. मी ओळखले नाही. त्याने कॅसेटची आठवण काढली तेव्हा ओळखले. आम्ही टपरीवर चहा घेतला.

दहावीनंतर त्याने शाळा सोडली आणि वडिलांच्या टेम्पोवर बसला. तो फेडला, दुसरा घेतला, बहिणीचे लग्न केले, दोन मुलांना शिकवले. २०१८ मध्ये मोठा ट्रक घेतला, मोठ्या कर्जावर. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. गाड्या उभ्या, हप्ते चालू. ट्रक गेला, त्याच्या मागोमाग टेम्पोही गेला. हे सांगताना तो कुठेही थांबला नाही, फक्त शेवटी म्हणाला, "पहिली गाडी परवडत होती, सर. दुसरी नुसती घेता आली."

परवडण्याची इतकी नेमकी व्याख्या मी अर्थशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. जे विकत घेता येते ते परवडते असे आपण समजतो. बँका, जाहिराती आणि शेजारी आपल्याला तेच समजावतात. पण जे गमावले तरी आपण पुन्हा उभे राहू शकतो, तेवढेच परवडणारे.

"आता ही गाडी तुझीच ना?" मी विचारले.

"कागदावर माझीच." त्याने खिशातला मोबाइल काढून टेबलावर ठेवला. "कुठे जायचं, हा सांगतो. भाडं किती, हा सांगतो. काल तेवढ्याच अंतराला जास्त होतं, आज कमी का, ते कोणी सांगत नाही. दोन भाडी नाकारली की तिसरं येत नाही. परतीचं भाडं मी शोधायचो, आता रिकामा येतो. डिझेल माझं, हप्ता माझा, टायर माझे." मग जरा हसला. "सर, त्या गेममध्ये निदान भाव बघायला मिळायचा. दोन्ही गावांचा."

निर्णय कोणाचा

घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. कोब्रा 'खासगी' यान होते ते तिच्या कागदावर खेळणाऱ्याचे नाव होते म्हणून नव्हे. नकाशा त्याच्यासमोर उघडा होता, भाव समोर होते, आणि कुठे जायचे, काय भरायचे, कोणाला नाही म्हणायचे हे तो ठरवत होता. मालकी म्हणजे हा अधिकार. आज आपल्या शहरांतून हजारो माणसे स्वतःच्या नावावरच्या गाड्या, स्वतःच्या कर्जाने, स्वतःच्या जोखमीवर चालवतात, आणि त्यांपैकी अनेकांच्या हाती हा अधिकार नाही. जोखीम मालकाची आणि अंमल दुसऱ्याचा, अशी ही नवी व्यवस्था आहे. तिच्या सोयी मी नाकारत नाही. माझे औषध तिच्यामुळेच दारात येते. पण भाडे कसे ठरते ते चालकाला कळावे, एखादे भाडे नाकारल्याबद्दल त्याला गुपचूप शिक्षा होऊ नये, आणि भाव पडले तर दाद मागायला माणूस असावा, एवढे तरी कायद्याने मागायला काय हरकत आहे? १९८४ सालच्या २२ किलोबाइटांत जे दोन विद्यार्थ्यांनी बसवले, ते आजच्या महाकाय यंत्रांत बसत नाही असे कोणी म्हणू नये.

आणि आपण घरातले वडीलधारे? मुलगा नोकरी सोडून लहानसा धंदा काढतो म्हटला की आपल्या घरात सुतक पसरते. मी स्वतः माझ्या मुलाला त्यापासून परावृत्त केले आहे. चूक होती की नाही, हे तोही सांगत नाही आणि मीही विचारत नाही. पण एवढे वाटते की आपण त्याला 'करू नकोस' असे सांगण्यापेक्षा विचारायला हवे होते : परतीचे भाडे काय आहे? डिझेलपुरते बाजूला ठेवले आहेस का? हे बुडाले तर पुन्हा उभा राहशील ना? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्याकडे आहेत, त्याला आशीर्वाद द्यावा. ज्याच्याकडे नाहीत, त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसावे.

चहा संपल्यावर माझा विद्यार्थी उठला. मंडईमागची गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना हातगाड्या, मध्येच एक गाय. त्याने आरशात एकदा पाहिले आणि एका हाताने, न थांबता, गाडी मागे घेत घेत सरळ रस्त्यावर काढली. एकाही हातगाडीला धक्का लागला नाही.

ती कॅसेट माझ्याकडे अजून आहे. निवृत्त होताना खण रिकामा केला तेव्हा सापडली. तिच्या मालकाचा पत्ता माझ्याकडे नाही. पुढच्या वेळी मंडईत गेलो की ती टेम्पोवाल्याच्या हाती द्यावी म्हणतो.